ट्रॅक्टरचा विमा आहे, तरी सातबाऱ्यावर बोजा येऊ शकतो! हंगामाआधी एवढं तपासून घ्या

कारखान्यांचे बॉयलर पेटले की तालुक्यातले रस्ते ट्रॅक्टरचे होतात. एका हेडमागं दोन ट्रॉल्या, वर वाढ्यापर्यंत भरलेला ऊस, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि टेपचा आवाज एवढा की मागच्याचा हॉर्न ऐकूच येत नाही. रात्री दुचाकीवरून घरी येणारा माणूस अंधारात उभ्या ट्रॉलीला मागून धडकतो. हंगामात अशा बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि विसरतो.

पण अपघातानंतर दोन घरं कोर्टाच्या पायऱ्या चढायला लागतात. एक मयताचं आणि दुसरं ट्रॅक्टर मालकाचं. मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "विमा आहे की आपला, कंपनी बघून घेईल." इथंच घोटाळा होतो. विमा काढलेला असणं वेगळं आणि त्या अपघाताला तो लागू होणं वेगळं. कंपनी कधी पैसे भरते, कधी हात वर करते आणि कधी भरून परत आपल्याकडून वसूल करते, हे समजून घ्यायला पाहिजे. कारण शेवटी प्रश्न आपल्या जमिनीचा आहे.

शेतात अवजार, रस्त्यावर वाहन

ट्रॅक्टर वावरात असतो तोवर आपण त्याला नांगर-कुळवासारखं अवजार समजतो. तो बांध ओलांडून रस्त्याला लागला की कायद्यासाठी मोटार वाहन झाला. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १४६ सांगतं की सार्वजनिक जागी वाहन चालवायचं तर तिसऱ्या पक्षाचा विमा, म्हणजे थर्ड पार्टी, पाहिजेच. गावातला रस्ता, बाजारतळ, मार्केट यार्ड ही सगळी सार्वजनिक जागाच धरली जाते. "मी हायवेला जातच नाही" हे सांगून सुटका नाही.

विमा नसताना सापडलं तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी ४,०००, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. हा दंड भरून माणूस मोकळा होतो, म्हणून त्याची कुणाला भीती वाटत नाही. खरी भीती पुढच्या हिशेबाची वाटायला पाहिजे.

एका माणसाच्या जिवाचा हिशेब

समजा, ३० वर्षांचा तरुण अपघातात गेला. महिन्याला १५,००० रुपये कमवत होता. मागं बायको, दोन लेकरं आणि आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई कशी काढतं बघा. सुप्रीम कोर्टानं २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत त्याची पद्धत घालून दिली आहे.

वर्षाची कमाई १,८०,०००. पुढं कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के धरायचे, झाले २,५२,०००. त्यानं स्वतःवर खर्च केला असता तो चौथा हिस्सा वजा, राहिले १,८९,०००. या वयाला गुणक १७. म्हणजे ३२,१३,००० रुपये. अंत्यविधीचे आणि घरच्यांचा आधार गेल्याचे पैसे वेगळे, शिवाय दाव्याचं व्याज.

तीस-पस्तीस लाख. एक चांगली बागायत एकरभर जमीन गेली म्हणा. विमा नसेल तर ही रक्कम मालकानं द्यायची. ट्रॅक्टर ड्रायव्हर चालवत होता का मालक, यानं फरक पडत नाही. नोकरानं मालकाच्या कामात केलेल्या चुकीची जबाबदारी मालकावर येते. सावडीनं शेजाऱ्याला ट्रॅक्टर दिला असेल तरी दाव्यात पहिलं नाव आरसी बुकवाल्याचंच पडतं.

विमा नसलेलं वाहन अपघातात सापडलं तर ते सोडवणंही सोपं नाही. मालकानं पुरेशी हमी दिल्याशिवाय असं वाहन सोडू नये आणि हमी दिली नाही तर ते विकून पैसे न्यायाधिकरणात जमा करावेत, असे नियम करायला सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये राज्यांना सांगितलं आहे. पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेले ट्रॅक्टर आपण बघतोच.

कंपनी हात कुठं वर करते?

आता ज्यांचा विमा आहे त्यांच्याबद्दल. पॉलिसीच्या कागदावर बारीक अक्षरात काही अटी असतात. दावा लागला की कंपनीचा वकील आधी त्या अटी काढतो. आपल्या भागात पाच ठिकाणी गाडी अडते.

पहिली ट्रॉली. कायद्यात ट्रॅक्टर म्हणजे स्वतः माल वाहायला न बनवलेलं वाहन. माल वाहते ती ट्रॉली, आणि कायद्यात ट्रॉलीची व्याख्या वेगळी आहे. तिचं पासिंग वेगळं, नंबर वेगळा, विमाही वेगळा दाखवावा लागतो. आपल्याकडं गावातल्या वर्कशॉपमधून वेल्डिंग करून आणलेल्या कितीतरी ट्रॉल्या नंबराशिवाय पळतात. हेडचा विमा असतो, पण पॉलिसीवर ट्रॉलीचा उल्लेखच नसतो. अशा वेळी हेडच्या विम्यातून भरपाई मिळावी का, यावर कोर्टांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. म्हणजे वर्षानुवर्षं भांडत बसायची तयारी ठेवायची. ट्रॉलीचा हप्ता त्यापेक्षा नक्कीच स्वस्त आहे.

दुसरी गोष्ट, वर बसलेली माणसं. ट्रॅक्टरच्या आरसीवर आसनक्षमता किती लिहिली आहे ते बघा. बहुतेक ठिकाणी एक, म्हणजे फक्त ड्रायव्हर. मडगार्डवर बसलेला पाहुणा, हूकवर उभा राहिलेला पोरगा, ट्रॉलीत उसावर झोपलेली तोडणीची टोळी, यातलं कुणीही साध्या थर्ड पार्टीत आपोआप येत नाही. रस्त्यावरून चालणाऱ्याला धडक बसली तर तो तिसरा पक्ष. आपल्याच ट्रॅक्टरवरून पडलेला माणूस मात्र प्रवासी ठरतो, आणि ट्रॅक्टर प्रवासी वाहन नाही. २०१८ च्या शिवराज विरुद्ध राजेंद्र या निकालात सुप्रीम कोर्टानं हेच धरलं. ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशिवाय दुसऱ्याला जागा नाही, म्हणून जबाबदारी कंपनीची नाही. जखमीला पैसे मिळावेत म्हणून कंपनीनं आधी भरावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला.

लग्नाचं वऱ्हाड, यात्रेची मंडळी, शाळेची पोरं ट्रॉलीतून नेणाऱ्यांनी हे परत एकदा वाचावं. त्या दिवशी आपण भाडंही घेतलेलं नसतं, पुण्याचं काम म्हणून नेलेलं असतं. अपघात झाला की पुण्य कुणी बघत नाही.

तिसरी गोष्ट, काम कसलं चाललं होतं. शेतीच्या ट्रॅक्टरच्या पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते, ती म्हणजे शेतीकाम. आपला ऊस, आपलं खत, आपला कांदा नेणं यात बसतं. पण मुरूम, वाळू, विटा, खडी? २००७ च्या ब्रिजमोहन प्रकरणात वीटभट्टीच्या मातीच्या कामाला निघालेला मजूर ट्रॉलीवरून पडून जखमी झाला होता. विमा शेतीकामाचा होता. सुप्रीम कोर्टानं कंपनी जबाबदार नाही असं म्हटलं, आणि मजूर गरीब म्हणून आपला विशेष अधिकार वापरून कंपनीला आधी पैसे देऊन मालकाकडून वसूल करायला सांगितलं. त्याआधी २००४ मध्ये चिन्नम्मा प्रकरणात तर भाजीपाला होता. पण तो व्यापाऱ्यानं विकत घेऊन बाजारात न्यायला दुसऱ्याच्या ट्रॉलीत भरलेला होता. कोर्ट म्हणालं, माल शेतातला असला तरी व्यापाऱ्याचा धंदा म्हणजे शेतीकाम नव्हे.

आता ऊस वाहतुकीकडं या. स्वतःचा ऊस कारखान्याला घालणं एक आणि तोडणी-वाहतुकीचा करार करून हंगामभर दुसऱ्यांचा ऊस टनाच्या दरानं ओढणं दुसरं. दुसऱ्या प्रकारात "हा भाड्याचा धंदा आहे, शेतीकाम नाही" असा मुद्दा कंपनी काढणारच. म्हणून करार केलेल्यांनी आपला वापर खरा सांगून त्याप्रमाणे विमा घ्यावा. चार पैसे वाचवायला शेतीचा विमा काढायचा आणि काम भाड्याचं करायचं, हा व्यवहार अपघाताच्या दिवशी उलटतो.

चौथी गोष्ट लायसन. इथं थोडी चांगली बातमी आहे. रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर तो हलक्या वाहनात मोडतो, आणि आपले जवळजवळ सगळे ट्रॅक्टर त्याच्या आतच आहेत. हलक्या वाहनाचं साधं लायसन चालतं. ट्रॉली जोडली म्हणून लायसन बाद होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००१ मध्येच नागशेट्टी प्रकरणात सांगितलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानंही ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनाला हलक्या वाहनाचं लायसन पुरेसं असल्याचं पक्कं केलं.

पण लायसनच नसलं तर? बिनलायसन चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड, त्याला ट्रॅक्टर देणाऱ्या मालकाला वेगळे ५,०००. भरपाईत कंपनी आधी देईल आणि मालकाकडून वसूल करेल. हंगामाला ड्रायव्हर ठेवताना त्याचं लायसन डोळ्यानं बघा, मुदत बघा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. मालकानं नीट खात्री केली होती हे दिसलं, तर लायसन पुढं खोटं निघालं तरी कंपनीला त्यावर सहजासहजी सुटता येत नाही.

आणि पोरं. दहावी-अकरावीचं पोरगं ट्रॅक्टर झकास चालवतं म्हणून कौतुक करणारे बाप गावोगावी आहेत. कलम १९९-अ वाचा. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही.

पाचवी गोष्ट, जुना ट्रॅक्टर विकलेला, पण नाव तसंच. शंभराच्या स्टँपवर लिहून घेतलं, पैसे मोजले, झाला व्यवहार. कायद्यात मात्र आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. २०१८ च्या नवीन कुमार निकालात सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय. ट्रॅक्टर तीन हात फिरून चौथ्या तालुक्यात अपघात करतो आणि नोटीस तुमच्या दारात येते. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते केल्याशिवाय ट्रॅक्टरची चावी देऊ नका.

सातबारा कसा अडकतो?

वर दोन-तीन वेळा "आधी भरा, मग वसूल करा" असं आलं. ऐकायला बरं वाटतं, कारण मयताच्या घराला पैसे मिळतात, आणि ते मिळालेच पाहिजेत. पण त्याचा दुसरा भाग मालकासाठी आहे. कंपनीला वसुलीसाठी वेगळा दावा लावायची गरज नसते, त्याच न्यायाधिकरणातून ती वसुली करते. आणि कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण कलेक्टरला दाखला पाठवू शकतं, मग ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होते. महसुलाची थकबाकी म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगायला नको. तहसीलची नोटीस, जप्ती, सातबाऱ्यावर बोजा. एकदा बोजा चढला की पीककर्ज अडलं, वाटणी अडली, विक्री अडली.

पोलीस केस वेगळी

भरपाई दिली म्हणजे गुन्हा मिटला असं नाही. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. हयगयीनं मृत्यूला कारण झाल्यास कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आधी ती दोन वर्षं होती. हयगय म्हणजे फक्त जोरात चालवणं नव्हे. रात्री टायर फुटला म्हणून भरलेली ट्रॉली बिनदिव्याची रस्त्यात सोडून जेवायला जाणं हीसुद्धा हयगयच. मागं दोन दगड आणि बाभळीची फांदी टाकली की काम झालं, असं समजू नका. दोनशे-तीनशे रुपयांची लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि मागचा दिवा कुणाचा तरी जीव वाचवतात.

मालक स्वतः गेला तर?

याचा विचार कुणी करत नाही. चढावर हेड उलटतं आणि मालकच खाली सापडतो. थर्ड पार्टी विमा दुसऱ्यासाठी आहे, आपल्या घरच्यांना त्यातून काही नाही. त्यासाठी पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर असतं. ते घेतलंय का, आणि मालकाचं स्वतःचं लायसन चालू आहे का, दोन्ही बघा. लायसन नसेल तर हे कव्हरही कामाला येत नाही. पगारी ड्रायव्हरसाठीही थोड्या जादा पैशांत कव्हर मिळतं, ते पॉलिसीवर लिहून घ्या.

शिवाय राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात. दुःखाच्या घरात हे कुणाला सुचत नाही, म्हणून भावकीतल्या कुणीतरी लगेच पुढाकार घ्यावा.

अपघात झालाच तर

आधी जखमीला दवाखान्यात हलवा, १०८ ला फोन लावा. पळून जाऊ नका. पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवा. जागेचे फोटो काढा.

आणि एक काम अजिबात करू नका. "लायसनवाला माणूस ड्रायव्हर म्हणून दाखवू" हा सल्ला देणारे जागेवर दहा जण भेटतात. साक्षीदार असतात, मोबाइलचं लोकेशन असतं, आता ढाब्या-पंपावर कॅमेरेही आहेत. खोटं उघडं पडलं की कंपनी सुटते, आणि मालकासोबत तो उसना ड्रायव्हरही अडकतो.

ज्याच्या घरचा माणूस गेला त्यांनी

२०२२ पासून भरपाईच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर थांबू नका. एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, कमाईचा पुरावा गोळा करून वेळेत दावा लावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं मोफत मदत मागता येते. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळतात, त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात. २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या कॅशलेस उपचाराची योजनाही लागू झाली आहे.

गावात मिटवून घेतो म्हणून चाळीस-पन्नास हजारांवर सही करण्याआधी वरचा तीस लाखांचा हिशेब परत बघा.

जबाबदारी एकट्या मालकाचीच का?

कायद्यानं सगळं ओझं आरसीवरच्या नावावर टाकलंय. पण उसाच्या वाहतुकीत फायदा कुणाकुणाचा होतो तेही बघायला पाहिजे. कारखान्याला वेळेत ऊस पाहिजे, म्हणून दोन ट्रॉल्या चालतात. टनावर दर आहे, म्हणून ड्रायव्हर वाढीव भरतो आणि रात्र-रात्र जागतो. शोरूमवाला पहिल्या वर्षाचा विमा करून देतो, दुसऱ्या वर्षी आठवण करून देणारं कुणी नसतं. पोलीस आणि आरटीओ हंगामाच्या सुरुवातीला एक दिवस रिफ्लेक्टर लावून फोटो काढतात, बाकीचे महिने रस्ता तसाच.

कारखाने वाहतूक करार करताना बँकेचे चेक, जामीनदार, सातबारा सगळं घेतात. त्यातच हेडचा विमा, ट्रॉलीचं पासिंग आणि ड्रायव्हरचं लायसन घ्यायला किती वेळ लागतो? ज्याचे कागद नाहीत त्याला स्लिप द्यायची नाही, एवढा नियम काट्यावर लागला तर एका हंगामात फरक दिसेल. आरटीओनं तालुक्याच्या गावी कॅम्प लावून ट्रॉल्यांचं पासिंग करून द्यावं. मजुरी बुडवून जिल्ह्याला हेलपाटे घालायला कुणाला जमत नाही, हेही खरं कारण आहे.

ते होईल तेव्हा होईल. आपलं काम आज रात्रीचं आहे. मोबाइलवर एम परिवहन अॅप उघडा, ट्रॅक्टरचा नंबर टाका, विम्याची तारीख बघा. मग पॉलिसीचा कागद काढून चार गोष्टी शोधा: ट्रॉलीचा नंबर आहे का, वापर काय लिहिलाय, ड्रायव्हर आणि मजुरांचं कव्हर आहे का, मालकाचं अपघात कव्हर आहे का. कागद शोरूमलाच राहिला असेल तर उद्या जाऊन आणा. यातलं एखादं नसेल तर ते करून घेतल्याशिवाय ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्याला लावू नका.